अंड्याच्या ट्रेने पदेराचा भोंगा थांबत नाही, आते

‘घरच्या घरी स्टुडिओ, तोही फुकट’ असा एक मेसेज गेले दोन महिने फिरतोय. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि वर ‘साऊंडवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशी ओळ. मी साऊंडवाला आहे. गोव्यात जत्रेच्या नाटकांना माइक लावतो, चतुर्थी ते शिगमो (आमचा शिमगा) जिथे बोलावतील तिथे जातो. तीन ग्रुपांवर हा मेसेज आला, तिन्ही वेळा सोडून दिला. लोक काय काय पाठवतात, कुणाकुणाला उत्तर द्यायचं!

मग गेल्या रविवारी माशेलला आतेकडे गेलो. आते स्वयंपाकाचे व्हिडिओ करते: खतखतं, पातोळ्या, मुगागाठी. बघणारे फार नाहीत, पण जे आहेत ते मनापासून बघतात. तिच्या मधल्या खोलीच्या भिंतीला अंड्यांचे ६४ ट्रे चिकटवलेले होते. मोजले मी. आतेभावाने फोंड्याच्या रस-ऑम्लेटच्या गाड्यांवरून स्कूटरने चार फेऱ्या करून आणलेले. खोलीत कोंबड्यांच्या खुराड्याचा वास. आणि आते विचारते, “आता बाहेरचा आवाज येत नाही ना रे, बाबू?” तेवढ्यात रस्त्यावरून पदेर, म्हणजे आमचा पाववाला, भोंगा वाजवत गेला. पोंय पोंय.

ज्यांच्याकडे मेसेज पोचला नसेल त्यांच्यासाठी त्यातलं थोडक्यात: भिंतींना अंड्याचे ट्रे लावा, बाहेरचा आवाज आणि घुमणं दोन्ही बंद होतं, ट्रे नसतील तर फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातला फोम लावा. रेकॉर्डिंग फुल्ल आवाजावर करा आणि नंतर ॲपमध्ये २०० टक्के करा, व्ह्यूज वाढतात. नॉईज काढायचं बटण १०० वर न्या. आवाज ४३२ हर्ट्झवर आणा, तो मनाला भिडतो. फोनच्या माइकचं भोक दर आठवड्याला पिनने साफ करा. कॉलर माइक घ्या.

ट्रेपासून सुरू करतो, कारण वास अजून नाकात आहे.

आवाज अडवणं आणि आवाज शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत. अडवायला वजन लागतं. आतेचं घर चिऱ्याचं, भिंत फूटभर जाड. तिच्यातून पदेराचा भोंगा येतच नव्हता. तो येतो खिडकीच्या फटींतून आणि नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या, छपरातून. म्हणजे जिथून आवाज येत नाही तिथे आपण ६४ ट्रे लावले आणि खिडकी होती तशीच ठेवली. चिऱ्याने जे अडवलं नाही ते कागदाचा लगदा अडवणार आहे का?

राहिलं शोषणं, म्हणजे खोलीतलं घुमणं कमी करणं. यात मेसेजचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ट्रेमुळे वरच्या पट्टीतला, स-श-चचा आवाज थोडा विखुरतो, थोडा मरतो. पण माणसाचा आवाज तेवढाच नसतो. खालच्या पट्टीतल्या १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आवाजाची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते आणि ट्रे जाडीला जेमतेम ५ सेंटीमीटर. त्या लहरीला भिंतीवर ट्रे आहे याचा पत्ताही लागत नाही. उलट वरचा आवाज तेवढा खाल्ला गेल्यामुळे खालचा जास्तच घुमल्यासारखा लागतो, आणि बोलणारा पिंपात बसून बोलतोय असं वाटतं. आतेचे नवे दोन व्हिडिओ तसेच झालेत.

घुमणं कशाने जातं हा शोध काही काल लागलेला नाही. १८९५ मध्ये हार्वर्डला फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह उघडलं आणि त्यात बोललेलं कुणाला कळेना. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद खोलीतच फिरायचा, तोवर वक्ता पुढच्या वाक्यात गेलेला. हे निस्तरायचं काम वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याने काय करावं? जवळच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, खोलीत मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत. जितक्या गाद्या जास्त, तितकं घुमणं कमी. शेवटी तो वेळ सेकंदाच्या आसपास आला. हा माणूस इतका काटेकोर की मोजणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा आकडा बदलतो हे लक्षात आल्यावर त्याने तीन हजारांवर नोंदी टाकून दिल्या आणि पुढे दर वेळी ठरलेलेच कपडे घालून मोजू लागला. यातून जे सूत्र निघालं त्यावर आजही हॉल बांधले जातात. १९०० मध्ये उघडलेला बॉस्टनच्या सिंफनी हॉलचा आवाज त्यानेच बसवून दिला.

म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलंय की गादीने काम होतं. अंगावरच्या कोटानेही होतं. मग आतेच्या घरात काय कमी आहे? वाकळी आहेत, गाद्या आहेत, साड्यांनी गच्च भरलेलं कपाट आहे. कपाटाची दारं उघडी टाकून त्याच्याकडे तोंड करून बोला. मागे दोरीवर दोन जाड वाकळी टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. टांगायच्या आधी एक टाळी वाजवा आणि नंतर एक. फरक कानाला कळतो, मीटर लागत नाही.

शिवाय हा गोवा आहे. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे कागदाचे ट्रे भिंतीला लावले तर आषाढात बुरशी आणि श्रावणात झुरळं. आणि फोमचं तर नावच काढू नका. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबात आग लागली. शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात म्हणून स्टेजच्या भिंतींना फोम लावला होता, त्याला शोभेच्या दारूची ठिणगी लागली. १०० माणसं गेली. आते तर गॅसपासून चार हातांवर बसून फोडणी देते.

बाकीचं भराभर उरकतो.

फुल्ल आवाज आणि २०० टक्के: जो आवाज रेकॉर्ड होतानाच फाटला तो नंतर शिवता येत नाही. घुमट (मातीचं, चामडं ताणलेलं वाद्य) वाजवत केलेली आरती फुल्ल गेनवर, म्हणजे माइकची पातळी पूर्ण चढवून, घेऊन बघा, पहिल्या थापेला पत्रा वाजतो. सगळ्यात मोठा आवाज ॲपमधल्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) आसपास राहू द्या, वर जागा सोडा. आणि व्ह्यूज? ठरावीक पातळीच्या वर गेलेला व्हिडिओ यूट्यूब स्वतःच खाली ओढतं. खोटं वाटत असेल तर कम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा, किती टक्क्यांवर खाली ओढलाय ते तिथेच लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही ओरडून फाडायचं आणि त्यांनी ते फाटलेलंच हळू करून वाजवायचं.

नॉईज १०० वर: विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं होतं. त्यापेक्षा बोलण्यापुरता पंखा आणि फ्रिज बंद करा. मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणं सोपं आहे, मान्य, पण दोन-दोन मिनिटांचे तुकडे करा. फ्रिज परत चालू करायला विसरता ना? स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर निघताना आठवतंच.

४३२ हर्ट्झ: सूर लावायचं जगाचं माप ४४०, त्याच्यापेक्षा हे अर्ध्या सुराच्याही तिसऱ्या हिश्श्याने खाली. बरं, खतखत्याची कृती सांगताना कुठला सूर लावायचा असतो? पुढे.

आता पिन. मी लिहायला बसलो तो खरं म्हणजे हिच्यामुळे.

फोनच्या खालच्या बाजूच्या बारीक भोकाच्या आत माइक असतो आणि त्याचा पडदा केसाहून कितीतरी पातळ. सिम काढायची पिन नेमकी त्याच भोकात जाते, कारण दोन्ही भोकं दिसायला सारखी. आतेने दोन रविवार ती पिन आत घालून फिरवली, “कट्ट झालं तेव्हा कळलं, मळ निघाला”. तो मळ नव्हता गं! तिसऱ्या दिवसापासून तिच्या फोनवर पलीकडच्याला काही ऐकू येईना. पुण्याची माझी बहीण दोन दिवस समजत होती की आते रागावली, फोन उचलते आणि बोलत नाही. स्पीकरवर टाकलं की लांबून ऐकू यायचं, कारण बऱ्याच फोनांना दुसरा माइक वर कॅमेऱ्यापाशी असतो, तो शाबूत होता. माइक बदलायचे दीड हजार गेले. भोकावर धूळ बसते हे खरं आहे. ती कोरड्या मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर झटकायची. आणि त्याआधी फोनचं कव्हर काढून बघायचं, निम्म्या वेळा कव्हरनेच भोक झाकलेलं असतं.

कॉलर माइकबद्दल मात्र मेसेज बरोबर आहे, घ्या. मोठा नको, साधा चालतो. कारण एकच: तोंडाजवळ असतो. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. चार फुटांवरचा फोन आणि एक फुटावरचा माइक यांत १२ चा फरक. खोली तीच, पंखा तोच, तरी आवाज पुढे येतो. फक्त घेताना वायरच्या टोकाच्या गोल पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. गोल भोक असलेल्या फोनला तीन रेघांची लागते. दोन रेघांची कॅमेऱ्याची, ती तशीच फोनला लावली तर फोन ओळखतच नाही. आणि माइक मंगळसूत्रापासून लांब, पदराच्या खांद्याकडच्या बाजूला. आतेच्या पहिल्या चाचणीत नारळ किसताना प्रत्येक हाताला मणी वाजत होते. फोडणीचा आवाज फोन कढईजवळ नेऊन वेगळा घ्यायचा, बोलणं मागाहून कपाटासमोर बसून.

ट्रे आम्ही त्याच संध्याकाळी काढले. फेविकॉलबरोबर भिंतीचा रंगही सोलून आला. चतुर्थीच्या तोंडावर रंगारी कुठून मिळणार, म्हणून आतेभावाने ते डाग झाकायला तिथे दोन वाकळी टांगल्यात. परवाच्या व्हिडिओत घुमणं नाही. आतेने तो सगळ्यांना पाठवलाय, आणि खाली लिहिलंय की मेसेजमधले उपाय केले, गुण आला.