सर्दी झालीये ना? मग बाळाला हात लावू नका

आज एका बारशाला गेले होते, घरी आल्यापासून डोकं ठणकतंय. पाळण्यात सव्वा महिन्याची पोर. एक काका खोकत खोकत आले, नाक पुसलं, रुमाल खिशात कोंबला आणि वाकून थेट तिच्या गालाची पापी घेतली. आई बघत होती, पण काही बोलली नाही. कशी बोलणार? पाहुणे सासरचे.

माझा लेक अडीच महिन्यांचा होता तेव्हा मीही अशीच गप्प बसले होते. ऐन पावसाळा. भेटायला आलेल्यांपैकी एकाला "साधी सर्दी" होती. पाच दिवसांनी बाळाचं नाक गळायला लागलं, मग खोकला. तिसऱ्या रात्री दोन घोट दूध ओढून तो तोंड सोडून द्यायचा आणि रडायचा. झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. ताप जवळपास नव्हताच. घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजले. 68! त्या वयाला 50 म्हणजेच जास्त.

ब्रॉन्किओलायटिस. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, कधी सर्दीच्या दुसऱ्या विषाणूंमुळे. आपल्याला त्याने नुसतं नाक वाहतं. बाळाच्या फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या मात्र सुजतात, चिकट स्रावाने भरतात, आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो.

आणि घरात चर्चा कसली? मी दही खाल्लं का, केसांवरून पाणी घेतलं का! अहो, दह्यातून विषाणू येत नाही. खोकल्याच्या थेंबांतून येतो, नाक पुसलेल्या हातांतून येतो. बाळ आजारी पडलं की आधी आईचं ताट तपासायचं, ही कुठली पद्धत? अजून आठवलं तरी अंग थरथरतं.

बहुतेक बाळं घरीच बरी होतात, हे मान्य. सगळ्यांना दवाखान्यात ठेवावं लागत नाही. पण आमचा तीन दिवस ऑक्सिजनवर होता. एवढ्याशा नाकात ती नळी, आणि ती हलू नये म्हणून दोन्ही गालांवर चिकटपट्ट्या. अँटिबायोटिक का देत नाही म्हणून मीच डॉक्टरांशी भांडले. विषाणूवर ते चालत नाही, त्यांनी शांतपणे समजावलं. नाकात सलाईनचे थेंब, थोडं थोडं दूध आणि वाट बघणं. खोकला पुढे तीन आठवडे राहिला.

सासूबाई रोज अंघोळीनंतर ओव्याची धुरी द्यायच्या. त्यांची माया मी नाकारत नाही, त्यांच्या हातांनीच तो वाढलाय. पण सुजलेल्या नळ्यांना धूर नकोच होता. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी स्वतःच शेगडी उचलून गच्चीवर नेऊन ठेवली. रात्री मला जवळ घेऊन म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नव्हतं गं."

म्हणून सांगतेय. श्वास जोरात चालला, पोट उडायला लागलं, दूध निम्म्यावर आलं, की सकाळची वाट बघू नका. ओठ निळसर दिसले किंवा श्वास मध्येच थांबला तर तडक निघा. तीन महिन्यांच्या आतलं किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर जास्तच जपा.

आज मी पाळण्याच्या डोक्याशी उभी राहिले आणि जो वाकेल त्याला विचारत राहिले, हात धुतलेत का? काका रागावून पंगतीला निघून गेले. त्या पोरीच्या आईने मात्र जाताना माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही.