भिजत घातलेला माउथ ऑर्गन

‘माउथ ऑर्गनची गुपितं’ हा फॉरवर्ड माझ्याकडे चारदा आला, चारही वेळा सोडून दिला. परवा तो भाच्यापर्यंत पोचला आणि पोराने त्यात सांगितल्याप्रमाणे आपला नवाकोरा माउथ ऑर्गन रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला. आता गप्प बसवत नाही.

दावा पहिला: ‘बासरीसारखीच इथेही भोकातून हवा जाऊन शिट्टी वाजते, भोक मोठं केलं की सूर उतरतो.’ लिहिणाऱ्याने हे वाद्य कधी तोंडाला लावलंय का? दहा भोकांच्या साध्या माउथ ऑर्गनवर चौथ्या भोकात फुंका, सा वाजतो. तिथूनच हवा आत ओढा, रे वाजतो. भोक तेच, माप तेच! प्रत्येक भोकासाठी आत दोन रीड असतात, एक फुंकायची, एक ओढायची. रीड म्हणजे पातळ पितळी पट्टी. एक टोक पक्कं, दुसरं मोकळं, आणि खाली तिच्याच आकाराची, केसभर मोठी खाच. हवेच्या दाबाने पट्टी खाचेत शिरते, लवचीकपणामुळे उसळून परत येते, पुन्हा शिरते. सेकंदाला शेकडो वेळा वाट अडते आणि मोकळी होते, हवा झटक्याझटक्याने सुटते. ऐकू येतो तो मुख्यतः या झटक्यांचा सूर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी हे १८६३ सालीच लिहून ठेवलंय. पट्टी नुसती छेडली तर जेमतेम किणकिण होते. सूर ठरतो पट्टीच्या लांबी-जाडीवर. म्हणून तर पेटी दुरुस्त करणारे रीड टोकाकडे खरवडून सूर चढवतात, बुडाशी खरवडून उतरवतात. भोकं कोरत बसत नाहीत.

दुसरा: ‘सूर वाकवताना जीभ रीडला दाबते.’ वाकवणं म्हणजे वाजता सूर खाली घसरवणं. जीभ रीडपर्यंत पोचतच नाही. तोंडातली पोकळी बदलते आणि एकाच भोकातल्या दोन्ही रीड मिळून तो सूर खाली खेचतात.

आणि ते पाणी. बरं, यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल. ब्लूज या अमेरिकी संगीतातले जुने वादक लाकडी माउथ ऑर्गन भिजवायचे. लाकूड फुगून फटी बुजायच्या, आवाज जरा मोठा यायचा. पण तेच लाकूड वाळताना आकसतं, तडकतं. प्लॅस्टिकच्या माउथ ऑर्गनला तर भिजवून काहीच मिळत नाही, कारण ते फुगतच नाही.

भाच्याचा नेमका लाकडी होता. त्या माउथ ऑर्गनचे दात, म्हणजे भोकांमधल्या लाकडी पट्ट्या, फुगून बाहेर आलेत, ओठांना बोचतात. तडा किती गेला ते वाळल्यावर कळेल.