लिहा, तिसरी फरशी

कालचीच गोष्ट आहे आणि राग अजून पुरता उतरलेला नाहीये, त्यामुळे लिहिताना तोल गेला तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी मी एका बैठकीत एकवीस व्हॉट्सॲप ग्रुप सोडले. 2022 पासून ग्रुप गुपचूप सोडायची सोय आहे, फक्त ॲडमिनला कळतं म्हणे. ही सोय काढणाऱ्याला आमची मावशी माहीत नसणार. दहाव्या मिनिटाला आईचा फोन, "तुझं कुणाशी काही बिनसलंय का रे?" सोसायटीचा ग्रुप सोडल्याचं पाप बुधवारी फेडलं, टाकी साफ करायची म्हणून नऊला पाणी बंद होतं हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आणि मी डोक्याला शाम्पू लावून उभा. जाऊ दे.

हे सगळं कशासाठी, तर मला लिहायचंय. दोन वर्षांत एक कथा पुरी झालेली नाही. नायक चहा प्यायला बसतो आणि मी अडतो, कारण कप होता की ग्लास, ग्लासला खालून ओलं होतं का, यातलं काही मला दिसतच नाही. दिसतं काय, तर सकाळपासून वाचलेलं. एकदा तर नायिका बिचारी रडता रडता आवळ्याचे फायदे सांगायला लागली. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर व्हॉट्सॲप 2018 पासून तसा शिक्का मारतं, तो माझ्या परिच्छेदांवर पण मारायला हवा होता.

मग कुठेतरी वाचलेलं आठवलं. ऑक्टोबर 1974 मध्ये जॉर्ज पेरेक नावाचा फ्रेंच लेखक पॅरिसच्या सां-सुल्पिस चौकात तीन दिवस जाऊन बसला आणि ज्याकडे कुणी ढुंकून बघत नाही तेच लिहीत सुटला. जाणाऱ्या बसचे नंबर, कबुतरं, लोकांच्या हातातल्या पिशव्या. त्याचं चक्क पुस्तक झालं. मी म्हटलं, त्याला सां-सुल्पिस तर आपल्याला पुण्यातला नळ स्टॉप! खाली कर्वे रोड, वर फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो. माल तिप्पट.

फोन घरी ठेवला, शंभर पानी वही घेतली आणि चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर बसलो. पहिली पंधरा मिनिटं काय सांगू, सुख. पातेल्याच्या काठाला वाळलेल्या सायीची रेघ. स्कार्फ असा गुंडाळलेली मुलगी की माणसाचा पुरावा म्हणून फक्त चष्मा. आणि एकजण पोह्यातला एकेक शेंगदाणा वेचून प्लेटच्या कडेला रांगेत लावत होता, शेवटी खायला म्हणून, आणि सहावा घरंगळून खाली पडला तेव्हा त्याने आधी आजूबाजूला बघितलं आणि मग चपलेने तो हळूच बाकाखाली सारला. हे मी लिहीत होतो. "सारला" लिहून होतंय तोवर वहीवर सावली पडली.

"कुठल्या खात्यातून?"

हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी आणि तिच्यातून डोकावणारा दुधी.

"खात्यातून नाही काका, असंच लिहितोय."

"असंच कुणी लिहितं का?" काका बाजूला बसले. दुधी आमच्या दोघांच्या मधे. "सांगायचं नसेल तर नका सांगू, तुम्हाला पण वरून सूचना असतात. लिहा. ही तिसरी फरशी हलते."

मी मान हलवली. "मान काय हलवता, लिहा." मी लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं. "दुसरी नाही, तिसरी. चला, दाखवतो."

मला उठवून नेलं हो! फरशीवर स्वतः पाय देऊन दाखवला, खालचं पाणी पिचकन उडालं ते माझ्या पँटवर. "बघा!" काकांचा चेहरा असा उजळला की जणू फरशी त्यांनीच बसवली होती. दुसरा मुद्दा रात्री भुंकणारं कुत्रं. तिसरा, वरच्या मजल्यावरच्या बाई कुंड्यांना पाणी घालतात ते यांच्या वाळत घातलेल्या बनियनवर पडतं. "हे तुमच्याकडे येत नाही, मला माहितीये. पण नोंद असू दे."

इकडे टपरीवाल्याने सिलिंडरवर पोतं टाकलं, दोन स्टुलं फुटपाथवरून आत घेतली आणि मी न मागता स्पेशल चहा आणून दिला. पैसे घेईना. "राहू द्या साहेब, तुमचंच आहे." मी कधी नाही ते साहेब झालो आणि तेही असा! त्या भल्या माणसाच्या पोटात माझ्यामुळे गोळा आला होता आणि मी काहीही बोललो असतो तरी त्याला ते खोटंच वाटलं असतं. शेंगदाणेवाला पण येऊन उभा. "जनगणना का? 2011 नंतर आमच्याकडे कुणी फिरकलंच नाही."

आता मला सांगा, मी त्याच बाकड्यावर तीन तास मान खाली घालून फोन घासत बसलो असतो तर कुणी एक शब्द विचारला असता? फोनवाला माणूस म्हणजे जसा काही विजेचा खांब. पण रिकाम्या हाताने, निवांत डोळे उघडे ठेवून बसलात की तुम्ही एकतर सरकारी नाहीतर संशयित. पेरेकला तीन दिवसांत कुणी फरशी दाखवली नसावी, नाहीतर पुस्तक झालं नसतं. माझ्या वहीत दीड पान माझं आणि साडेचार पानं काकांची, मुद्दे क्रमांकासहित. अक्षर पण ऐकून ऐकून सरकारी व्हायला लागलेलं. चौदाव्या मुद्द्याला काका म्हणाले, "नंबर देऊन ठेवा, राहिलेले कळवतो." मी का दिला? खोटा पण देता आला असता. पण समोर दुधी घेऊन बसलेल्या माणसाशी खोटं बोलवत नाही.

घरी येऊन फोन बघतो तर मी एका नव्या ग्रुपात. तीनशे बारा मेंबर. सगळ्यात वर माझा पाठमोरा फोटो, वहीत मान घातलेला. कधी काढला देव जाणे, मी तर निरीक्षण करत होतो. खाली काकांची ओळ, "सर्वे सुरू. अधिकारी सहकार्य करत आहेत." त्याच्याखाली अंगठ्यांची रांग आणि कुणीतरी विचारलेलं, "साहेबांना तिसरी फरशी दाखवली ना?"

ग्रुप सोडायला बोट ठेवलं, तेवढ्यात ॲडमिन कोण ते दिसलं. अजून सोडलेला नाही.