‘दुप्पट’ म्हणजे कितीतून किती, ते सांगा ना

परवा रात्री अकराला धाकट्या बहिणीचा फोन. आवाज कापत होता. “ताई, माझा धोका दुप्पट आहे म्हणे.” कुठल्याशा साइटवर तिनं वय, पाळी कधी सुरू झाली, पहिलं मूल केव्हा झालं, घरात कोणाला होता का, एवढं भरलं आणि लाल अक्षरांत उत्तर आलं : स्तनाच्या कॅन्सरचा धोका सर्वसाधारण बाईपेक्षा २ पट. त्याखाली तपासण्यांच्या पॅकेजचं बटण. आमच्या आईला हा आजार होऊन गेलाय. ते वाचून तिची झोप उडणारच. माझीही उडाली.

सकाळी ती मानेवाड्याहून घरी आली तेव्हा मी तुरीचे सोले काढत बसले होते. त्यातलेच शंभर दाणे मोजून ताटात मांडले. देशाच्या कॅन्सर नोंदणीचा २०२० चा अहवाल सांगतो की पंचाहत्तरीपर्यंत साधारण २९ बायकांमागे एकीला स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे शंभरात तीन-चार. तेवढे दाणे बाजूला सरकवले. आईला किंवा सख्ख्या बहिणीला झाला असेल तर हे ढोबळमानानं दुप्पट होतं, म्हणून आणखी सरकवले. सात झाले. ती ताटाकडे बघत राहिली.

“म्हणजे बाकीच्या त्र्याण्णव जणींना नाही होणार?”
“नाही.”
“आणि हे सात, याच वर्षी?”
“नाही गं, पंचाहत्तरीपर्यंतचे सगळे मिळून.”
“मग काहून लिहितात असं?”

मला खरंच राग आला. सात दाणे काही कमी नाहीत, तपासणी करायचीच आहे. आईला कोणत्या वयात झाला, आजी-मावशीला काही होतं का, हे विचारून डॉक्टर पुढचं ठरवतील. स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए या जीनमध्ये (आईवडिलांकडून येणाऱ्या जनुकात) दोष निघाला तर शंभरातले निम्म्याहून जास्त दाणे सरकवावे लागतात, ते गणितच वेगळं. पण हे कळायला आधी ताट दिसायला हवं. शिवाय अशा कॅल्क्युलेटरांपैकी सर्वांत प्रसिद्ध गणित १९८९ मधलं, अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांच्या माहितीवर बांधलेलं. नागपूरच्या बाईला उत्तर देताना एवढं तरी वर लिहावं.

नुसत्या ‘दुप्पट’नं काय होतं ते ब्रिटननं १९९५ मध्ये पाहिलंय. काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठींचा धोका दुप्पट होतो, अशी बातमी आली. प्रत्यक्षात वाढ होती ७,००० बायकांमागे एकीवरून दोघींवर. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात हजारोंनी वाढले.

उलटी बाजू मला जास्त छळते. बहिणीचा फोन आला त्याच आठवड्यात माझ्या दिरांनी घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘सॉसेज तंबाखूइतकंच घातक, एकाच गटात’, आणि वर, सावजी मटणही बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ मध्ये सॉसेज-बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं हे खरं. पण पुरावा किती पक्का, एवढंच तो गट सांगतो. धोका किती मोठा, ते नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, तोही मुळात आहे त्याच्या १८ टक्क्यांनी. सावजीचं ताजं मटण तर त्या गटातच नाही.

आणि हे लिहिणारे भाऊजी रोज संध्याकाळी पानठेल्यावर उभे असतात. ठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घेऊन तळहातानं घोटतो, गाठ मारून हातात देतो. हाच खर्रा. सुपारीही पहिल्या गटात, तंबाखूही, आणि इथला धोका खरोखर मोठा. आपल्या नागपूरच्या नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर वरच्या क्रमांकावर असतो. सिगारेटच्या पाकिटावर निदान चित्र तरी असतं. खर्र्याच्या पन्नीवर काहीच नसतं, आकडा नाही, अक्षर नाही. मोबाइलवर मात्र दिवसभर बिस्किट, मायक्रोवेव्ह आणि टॉवरची भीती.

काल भाऊजी जेवायला आले होते. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, “भाऊजी, तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालून बघा बरं, दातांच्या मधून.”
“काय वहिनी, काहीतरीच.”
पण त्यांनी घातली. दोनच गेली. सुपारीनं तोंड आखडायला लागलं की तिसरं बोट जात नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. ताटातला भात तसाच राहिला.

बहिणीची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे. भाऊजी म्हणाले, मीही येतो.