विचारणं म्हणजे वशिला नव्हे

गेल्या आठवड्यात एका रात्री कोल्हापूरच्या दादांचा मेसेज आला. "ताई, दोन दिवस झालं लिहितोय आणि खोडतोय. पोरीचं इंजिनिअरिंग होऊन वरीस झालं, अजून कुठं लागली नाही. तुमच्याकडं काय असलं तर बघा, नसलं तरी काय हरकत नाही."

वाचून खूप वेळ फोन हातातच होता. कारण माझी आत्ताची नोकरी ज्यांच्या एका फोनमुळे झाली, ते हे दादा. आणि त्यांनाच मला विचारायला दोन दिवस लागले. म्हणून ही पोस्ट लिहितेय, मोठी आहे, पण ज्यांच्या घरात कोणी नोकरी शोधतंय त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

जून २०२०. मी तेव्हा सप्लायर क्वालिटीला होते, म्हणजे कंपनीला बाहेरून येणाऱ्या पार्टची गुणवत्ता बघायचं काम, अकरा वर्षांचा अनुभव, आणि एका दुपारी आमच्या टीममधल्या सात जणांना सांगितलं की ३० तारखेपर्यंतच. पुढचे तीन महिने मी रोज सकाळी चहा झाला की लॅपटॉप उघडायचे आणि नोकरी डॉट कॉमवर अप्लाय, अप्लाय, अप्लाय. दोनशेच्या वर अर्ज केले असतील. फोन चार आले, त्यातले दोन कोर्स विकणाऱ्यांचे. पण कोणाला सांगितलं होतं का की माझी नोकरी गेलीय? नाही. सोसायटीत नाही, कॉलेजच्या ग्रुपवर नाही, माहेरी तर अजिबात नाही, आईला वाटत होतं वर्क फ्रॉम होम चालू आहे. आमच्या घरात वाक्यच होतं, कोणापुढे हात पसरायचे नाहीत. वडिलांनी एसटीत आयुष्य काढलं ते याच वाक्यावर, त्यामुळे मला ते चुकीचं वाटतच नव्हतं.

सप्टेंबरमध्ये नवरा म्हणाला, अगं चोरी केलीयस का तू, लिही की सरळ. मग इथेच फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. नोकरी गेलीय, सप्लायर क्वालिटी आणि कास्टिंगमधलं (धातू ओतून पार्ट बनवतात ते) काम येतं, चाकण-भोसरी-रांजणगाव कुठेही चालेल, लगेच जॉइन होऊ शकते. बस. "होईल ताई सगळं छान" वाल्या कमेंट खूप आल्या, जवळचे सगळे हळहळले. आणि तिसऱ्या दिवशी फोन आला या दादांचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून, म्हणजे असे पार्ट ओतणाऱ्या कारखान्यातून. आमची ओळख किती, तर २०१६ मध्ये दोन वेळा ऑडिटला गेले होते तेवढी. त्यातही एकदा ब्लो होल (ओतताना हवा अडकून पडलेली भोकं) निघाले म्हणून मी त्यांचा अख्खा लॉट रिजेक्ट केला होता! ते म्हणाले चाकणच्या आमच्या एका कस्टमरकडे कास्टिंग समजणारं माणूस पाहिजे आहे, मी सांगितलंय त्यांना की बाई कडक आहेत पण रिजेक्शनचं कारण समजावून सांगतात. नंबर दिला. पुढे इंटरव्ह्यूचे तीन राउंड मीच दिले, ड्रॉइंग समोर ठेवून घाम काढला त्यांनी माझा, पण दारापर्यंत नेलं ते दादांच्या त्या एका वाक्याने.

हे माझ्या एकटीचं नशीब नाही बरं का. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच हे मांडलं होतं. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं की ही जागा कळली कुठून. ज्यांना ओळखीतून कळली होती त्यांच्यात ती ओळख नेहमी भेटणारी होती असे शंभरात जेमतेम सतरा, बाकी सगळ्यांची कधीतरी भेटणारी किंवा क्वचितच भेटणारी. कारण अगदी साधं आहे. आपल्या घरच्यांना, रोजच्या मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवीन बातमी लांबच्या माणसाकडे असते. आणि २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या जवळपास २ कोटी लोकांवर झालेला अभ्यास सायन्स या जर्नलमध्ये आला, त्यातही तेच निघालं. नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडते ती अर्धवट ओळख, म्हणजे अगदी अनोळखी नाही आणि जिगरी दोस्तही नाही अशी. ऑडिटमध्ये दोनदा भेटलेला माणूस यात कसा चपखल बसतो बघा.

तर रविवारी दादांच्या लेकीबरोबर व्हिडिओ कॉलवर बसले. सुरुवातीला मॅडम मॅडम करत होती, म्हटलं तुझे बाबा मला ताई म्हणतात म्हणजे मी तुझी आत्या. मग जरा मोकळी झाली. म्हणाली "आत्या, रोज वीस-तीस ठिकाणी अप्लाय करते, कुठूनच काही येत नाही ओ." माझेच २०२० चे दिवस आठवले.

रेझ्युमे उघडला. दोन कॉलमचं रंगीत डिझाइन, फोटो, एक्सेल ८० टक्के, कम्युनिकेशन ९० टक्के असे पट्टे, वर ते नेहमीचं ऑब्जेक्टिव्ह, चॅलेंजिंग पोझिशन वगैरे. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात, फाउंड्रीत दोन महिन्यांची इंटर्नशिप. मी विचारलं तिथे काय केलंस, तर पोरगी धडाधड बोलायला लागली, वाळूचं मॉइश्चर रोज चेक करायचे, पर्मिएबिलिटी टेस्ट (वाळूतून वायू किती सहज जातो ते) करायचे, रिजेक्शनची नोंद ठेवायचे. अगं बाई, हेच तर वर पाहिजे! पलीकडे एचआरवाला बसतो ना तो तुझं स्वप्न सर्च करत नाही, तो टाइप करतो कास्टिंग, इन्स्पेक्शन, सँड टेस्टिंग, इमिजिएट जॉइनर. ते शब्द तुझ्या प्रोफाइलमध्ये नसतील तर तू त्याच्यासाठी नाहीसच. ते सगळे पट्टे काढले, साधं एका कॉलमचं पान केलं, नोकरी डॉट कॉमवरची हेडलाइन "फ्रेशर लुकिंग फॉर जॉब" होती ती बदलली. आणि दर आठवड्याला प्रोफाइलमध्ये काहीतरी खरं अपडेट कर म्हणून सांगितलं, कारण रिक्रूटरला अलीकडे कोण ॲक्टिव्ह आहे तेवढेच बघायची सोय असते आणि अनेक जण ती वापरतात.

पण हे सगळं झालं निम्मं काम. खरं काम पुढे आहे आणि ते मुलं करतच नाहीत.

लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं पेज उघडा, तिथे अल्युम्नाय, म्हणजे माजी विद्यार्थी, असा टॅब असतो. त्यात कोण कुठल्या शहरात आहे, कुठल्या कंपनीत आहे, काय काम करतं, सगळं गाळून बघता येतं. फुकट. माझं कराडचं गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक, त्याचं पेज मी पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा थक्क झाले, आपली किती माणसं कुठे कुठे आहेत. तिच्या कॉलेजची बघितली तर चाकण, रांजणगाव, भोसरीत मिळून क्वालिटीत काम करणारे बरेच निघाले. त्यातले नऊ निवडले. आता यांना लिहायचं काय? तिने लिहिलं, "हाय सर, एनी जॉब फॉर मी?" याला कोणी उत्तर देत नाही. मला असे रोज येतात, मी पण देऊ शकत नाही, कारण काय उत्तर देणार, मला माहीतच नाही तू कोण आणि तुला काय येतं.

मग दोघींनी मिळून हे लिहिलं, हवं तर उचला. "नमस्कार सर, मी तुमच्याच कॉलेजची, २०२४ ची मेकॅनिकल. फाउंड्रीत दोन महिने सँड टेस्टिंग आणि इन्स्पेक्शन केलंय. तुम्ही सप्लायर क्वालिटीत आहात म्हणून विचारते, फ्रेशरला या कामात सुरुवात करायची तर आधी काय शिकावं? दहा मिनिटं फोनवर बोलता आलं तर फार मदत होईल." यात नोकरी मागितलेलीच नाहीये. माहिती विचारलीय. माणूस माहिती द्यायला सहज तयार होतो, आणि बोलता बोलता त्यालाच आठवतं की अरे आमच्याकडे एक जागा निघतेय. आणि मराठीत लिहिलंय, समोरचा मराठी असेल तर इंग्लिशचा धाक कशाला!

हे वाचून ती पटकन म्हणाली, "पण आत्या, हा वशिला नाही का?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. वशिला म्हणजे ज्याला येत नाही त्याला चिकटवणं, ज्याचा हक्क आहे त्याला बाजूला सारून. रेफरन्स म्हणजे कोणीतरी सांगणं की हा कागद जरा वाचून बघा. पुढची परीक्षा तुमचीच असते, आणि तुम्ही नापास झालात तर सांगणाऱ्याचं नाव जातं, म्हणून कोणी उगाच सांगतही नाही. पुण्या-मुंबईत नोकरदार घरात वाढलेल्या मुलांना हे विचारावं लागत नाही, त्यांचे काका-मामा-बाबांचे मित्र जेवणाच्या टेबलावरच सांगतात. आपल्याकडच्या, शेतकऱ्याच्या, एसटीवाल्याच्या, फाउंड्रीतल्या माणसाच्या पोरांना ते टेबलच मिळालेलं नाही, आणि वर आपणच त्यांना शिकवतो की विचारू नको, कमीपणा येतो. इंटरनेटने पहिल्यांदा त्यांना ती माणसं दाखवलीत. तिथेही नुसतं अप्लायचं बटण दाबून गप्प बसायचं का? मला याचा मनापासून त्रास होतो. कंपन्यांचंही चुकतंच म्हणा, शेकड्याने अर्ज मागवायचे आणि नाही म्हणायचं सौजन्यही दाखवायचं नाही, पण त्याची वाट बघत पोरांनी घरात कुढत बसावं हे मला पटत नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. व्हॉट्सॲपवर "नामांकित कंपनीत थेट भरती" असं फिरतं ना, त्यात गेटपासचे, युनिफॉर्मचे, मेडिकलचे म्हणून हजार-दीड हजार मागतात, ते देऊ नका. नोकरी देणारा पैसे घेत नाही. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचं काम, आधी दीडशे रुपये खात्यात येतात आणि मग हजारो भरायला लावतात, ते तर अजिबातच नाही. फसलात तर लाज न बाळगता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. फुकट आणि सरकारी हवं असेल तर केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टल २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयंम आहे, दोन्हीवर नोंदणी करून ठेवा.

आणि जे सध्या नोकरीत आहेत पण बदलायचीय त्यांच्यासाठी, लिंक्डइनचं ओपन टू वर्क, म्हणजे नोकरी शोधतोय अशी खूण, लावताना फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय निवडा, नाहीतर फोटोभोवतीचा तो हिरवा गोल सगळ्या ऑफिसला दिसतो. तरी शंभर टक्के लपेलच असं लिंक्डइन स्वतःही म्हणत नाही.

तर रविवारी नऊ मेसेज गेले. आज बुधवार. चौघांची उत्तरं आली, एकाने अर्धा तास फोनवर बोलून ड्रॉइंग वाचायचा सराव कसा करायचा ते सांगितलं, आणि रांजणगावच्या एका ताईंनी रेझ्युमे मागून घेतलाय, शुक्रवारी सकाळी अकराला इंटरव्ह्यू आहे. होईल न होईल माहीत नाही. दादांचा सकाळी फोन आला होता, म्हणत होते पोरगी कालपासून व्हर्नियर घेऊन बसलीय, घरातला एक डबा सोडला नाही मोजायचा.

माझ्या लिस्टमध्ये कास्टिंग, मशिनिंग, सप्लायर क्वालिटीतले बरेच जण आहात. तुमच्याकडे फ्रेशरची जागा असेल तर कमेंटमध्ये सांगा. आणि शोधणारे जे आहात त्यांनी काय येतं, कुठे चालेल, कधीपासून, एवढ्या तीन गोष्टी खाली लिहा, मी वाचेन.