मवाळाचा जहाल कसा करावा

आपल्या गावात क्रांतिकारक निपजत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या सत्ताधाऱ्यांनी धीर सोडू नये. कच्चा माल प्रत्येक ग्रामसभेत दुसऱ्या रांगेत बसलेला असतो. तो अर्ज टंकलिखित आणतो, त्यात ‘माननीय’ लिहायला विसरत नाही आणि तरुण पोरे आवाज चढवू लागली की हाताच्या खुणेने त्यांना खाली बसवतो. एरवी हा गृहस्थ मरेपर्यंत अर्जच लिहीत राहील, तेव्हा सुरुवात तुम्हालाच करावी लागेल.

एक पथ्य मात्र पाळा. पाणउतारा एकांतात करून वाया घालवू नका. बंद दाराआडचा अपमान माणूस गिळतो, चारचौघांतला त्याला घरी घेऊन जावा लागतो. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, हे काम २९ जानेवारी १७७४ रोजी नमुनेदार केले. गव्हर्नर हचिन्सन यांना हटवावे, हा मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतीचा अर्ज घेऊन बेंजामिन फ्रँकलिन उभे होते. वय अडुसष्ट, वसाहतींच्या टपालखात्याचे अधिकारी, साम्राज्य फुटू नये म्हणून वर्षानुवर्षे झटलेले. सॉलिसिटर जनरल वेडरबर्न यांनी अर्ज बाजूला ठेवून सुमारे तासभर त्यांनाच चोर ठरवले आणि सभासद खदखदून हसले. मखमली पोशाखातले फ्रँकलिन चेहऱ्यावरची रेषही न हलवता उभे राहिले. लगेच टपालाची नोकरीही गेली. (कंजुषी करू नये ती अशी.) एवढे करूनही बॉस्टनच्या बंदरात बुडवलेल्या चहाची भरपाई द्यावी, असेच ते सांगत राहिले, मुरायला वेळ लागतो, म्हणून उतावीळ होऊ नका. १७७६ साली स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही होती आणि १७७८ साली फ्रान्सशी तह करताना त्यांनी तोच पोशाख मुद्दाम अंगावर चढवला होता, असे सांगतात.

समोर उभे करून बोलायला सवड नसेल, तर सगळ्यांचा मिळून एकदाच अपमान कायद्यात छापता येतो. पोर्तुगालचा पुढे हुकूमशहा झालेल्या सालाझारने १९३० च्या वसाहत कायद्यात, मुलूख ताब्यात ठेवून तिथल्या लोकांना सुधारणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे कार्यच असल्याचे लिहून टाकले. पोर्तुगीज भाषेत वृत्तपत्रे चालवणारे, पोर्तुगालच्या प्रजासत्ताकावर भरवसा ठेवणारे गोव्याचे लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी पणजीच्या कायदेमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. सुधारणा झाली, म्हणायची!

आमच्या गावातही प्रयोग झाला. खाजनाचा बांध फुटून खारे पाणी शेतात शिरते, म्हणून एक निवृत्त मास्तर तीन पावसाळे अर्ज देत होते. चौथ्या वेळी व्यासपीठावरून त्यांना माइकवर विचारण्यात आले, “मास्तर, पेन्शन पुरत नाही काय?” सभा हसली. मास्तरांनी प्लॅस्टिकच्या फायलीचे बटण दोनदा दाबून लावले, छत्री उचलली आणि ते निघाले. परवा बाजारात दिसले, तेव्हा हातात फायल नव्हती आणि पूर्वी ज्यांना ते खाली बसवत, ती पोरे त्यांच्याभोवती उभी होती.