कुंपण किती फूट?

कॅलिफोर्नियात परसात गांजाची सहा रोपं लावायचा विचार असेल तर आधी नर्सरीत जाऊ नका. टेप घ्या आणि रस्त्यावर जाऊन उभे राहा. माती, खत, पाणी या किरकोळ बाबी आहेत. तुमचं झाड कायदेशीर की बेकायदा, हे बघणारा किती उंचीवरून बघतोय त्यावर ठरतं.

2016 मध्ये जनमताने मंजूर झालेल्या प्रपोझिशन 64 या राज्याच्या कायद्यानुसार 21 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी सहा रोपं लावता येतात. सहा म्हणजे घरटी सहा, माणशी नव्हे. उन्हाळ्यात सासू-सासरे राहायला आले म्हणून अठरा होत नाहीत. जागा कुलूपबंद हवी, आणि सार्वजनिक ठिकाणाहून साध्या, विनासाधन नजरेला रोपं दिसता कामा नयेत. चष्मा हे साधन धरायचं का, ते कलमात लिहिलेलं नाही. घर शोधताना समोर जाड भिंगांचा शेजारी मिळाला तर दोन पैसे जास्त मोजा.

आता मापं. राज्याची बांधकाम संहिता 7 फुटांपर्यंतच्या कुंपणाला परवाना मागत नाही, पण शहराचा नियम बहुधा 6 वरच अडवतो. तेव्हा 6 धरा. प्लॉट कोपऱ्यावरचा आहे. फूटपाथवरच्या माणसाचे डोळे साडेपाच फुटांवर, तो कुंपणापासून 15 फूट लांब, आणि रोप कुंपणाच्या आत 15 फुटांवर. त्याची नजर कुंपणाच्या माथ्याला घासून रोपापर्यंत पोचते तेव्हा ती साडेसहा फुटांवर असते. सहा फुटी रोप त्याला दिसत नाही. तुम्ही कायद्यात बसलात.

मग त्याच जागेवरून गुगलची स्ट्रीट व्ह्यूची, म्हणजे नकाशासाठी रस्त्यांचे फोटो काढणारी गाडी जाते. कॅमेरा साधारण अडीच मीटरवर, म्हणजे 8 फूट 2 इंच. तीच रेषा आता खाली उतरते आणि रोपावर 3 फूट 10 इंचांवर टेकते. वरचे 2 फूट 2 इंच, म्हणजे नेमका फुलोरा, फोटोत. जपानमध्ये लोकांनी कुरकुर केल्यावर 2009 मध्ये गुगलने कॅमेरा 40 सेंटिमीटर खाली आणला. तुम्ही जपानमध्ये नाही, तेव्हा 40 सेंटिमीटरने रोपच खाली आणा. सप्टेंबरात ते आठ-दहा फुटांवर जातं, एवढं लक्षात असू द्या.

फोटो आलाच तर घाबरू नका, घर पुसट करून घेता येतं. स्ट्रीट व्ह्यू उघडा, खालच्या कोपऱ्यात 'समस्या नोंदवा' दाबा, लाल चौकट आपल्या घरावर आणा, कारण लिहा, ईमेल द्या. एकदा पुसट झालं की ते कायमचं. मन बदललं तरी परत नाही. आता गल्लीत चौदा घरं लख्ख दिसतील आणि एकच धुक्यात. कुणाला शंका येण्याचं काही कारणच उरलं नाही. जर्मनीत 2010 मध्ये 2,44,000 हून जास्त घरांनी हे करून घेतलं. एसेन शहरात त्यातल्या काही घरांवर लोकांनी अंडी फेकली. घरं कुठली, ते नकाशातच दिसत होतं.

'खासगी रस्ता' अशी पाटी लावायचा मोह होईल. लावा, सुतारालाही पोट आहे. पिट्सबर्गजवळच्या एका जोडप्याच्या खासगी रस्त्यात गुगलची गाडी शिरली, त्यांनी 2008 मध्ये दावा लावला, आणि 2010 च्या शेवटी अतिक्रमणाबद्दल पूर्ण एक डॉलर मिळाला. खटल्याच्या बातम्यांमुळे ते घर जगाला माहीत झालं, हे बोनस. पोलिसांच्या बाबतीत तर पाटीला तेवढीही किंमत नाही. केंटकीत घरापासून मैलभर लांब, कुलूपबंद फाटकाआड, 'प्रवेश मनाई'च्या पाटीमागे गांजाचं शेत होतं. 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उघड्या शेताला खासगीपणा नसतो, पाटी असो वा नसो.

मग कुंपण दहा फुटी करावं? हाही प्रयोग झालेला आहे. 1982 मध्ये सांता क्लारात एका गृहस्थाने बाहेर 6 फुटी आणि आत 10 फुटी अशी दोन कुंपणं घातली. निनावी फोन आला, पोलिसांना जमिनीवरून काही दिसेना. त्यांनी खासगी विमान घेतलं, 1,000 फुटांवरून परसात पाहिलं आणि 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. 15 बाय 25 फुटांच्या वाफ्यात 73 रोपं निघाली. 1986 मध्ये कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की विमानातून कुणालाही दिसलं असतं, तेव्हा वॉरंट कशाला? म्हणून छप्पर घाला, आणि नीट घाला. फ्लोरिडात एका ग्रीनहाऊसच्या छताचे दोन पत्रे नव्हते. 400 फुटांवरच्या हेलिकॉप्टरला तेवढी फट पुरली. 1989 मध्ये तेही मान्य झालं.

त्याहून वर उपग्रह. 2009 मध्ये झुरिकच्या पोलिसांनी जाहीर केलं की मक्याच्या शेतात लपवलेला गांजा त्यांना गुगल अर्थवर दिसला. 16 जणांना अटक, 1.1 टन माल. आपल्याकडे उसात आणि तुरीत लावणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं, फक्त इथे कोड्यात पडायला नको: 1985 च्या कायद्याने लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, मग बघणारा गच्चीवर असो की बांधावर.

पण कॅलिफोर्नियात अजून एक मजला आहे, आणि तिथून बघावंही लागत नाही. 2002 मध्ये ब्यूट काउंटीत एका आजारी बाईच्या घरी शेरीफची माणसं, म्हणजे स्थानिक पोलीस, आणि केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे (डीईए) एजंट बरोबरच पोचले. शेरीफच्या माणसांनी तपासून सांगितलं, औषधी वापराच्या 1996 च्या कायद्यात सगळं बसतं. तीन तास वाद चालला. शेवटी केंद्रवाल्यांनी सहाही रोपं जप्त करून नष्ट केली. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी केंद्राची बाजू उचलून धरली, कारण घरच्यापुरत्या रोपानेही आंतरराज्य व्यापारावर परिणाम होतो. परसातल्या कढीपत्त्याने वाशी मार्केटचे भाव हलतात, असं समजा. 1970 च्या केंद्रीय कायद्यात एका रोपालाही 5 वर्षांपर्यंत कैद आहे आणि घर जप्त होऊ शकतं. 2014 च्या डिसेंबरात संसदेने त्यावर तोडगा काढला: कायदा तसाच, फक्त राज्यांच्या औषधी गांजात ढवळाढवळ करायला न्याय खात्याला पैसे नाहीत. तुमची सहा रोपं हौसेची असतील तर ती त्यात नाहीत.

ग्रीन कार्डवर असाल तर कुंपणाचा खर्च वाचवा. नागरिकत्व खात्याच्या एप्रिल 2019 च्या सूचनेनुसार राज्याने परवानगी दिलेला गांजाही नागरिकत्वाच्या अर्जात सद्वर्तनाच्या आड येऊ शकतो. फ्रीमाँटच्या अंगणात अंबाडी लावा, भाकरीबरोबर भाजी होईल.

मात्र अंबाडीचं पान हुबेहूब त्याच वळणाचं असतं आणि झाड कुंपणाच्या वर जातं. 2014 मध्ये जॉर्जियातल्या कार्टर्सव्हिलमध्ये हेलिकॉप्टरमधून पाहून पोलीस एका निवृत्त माणसाच्या दारात आले, ते त्याच्या भेंडीसाठी. भेंडीच्या पानाला पाच बोटं, गांजाला सहसा सात, हे अंगणात उतरल्यावर मोजलं गेलं. कुंडीवर पाटी जरूर लावा, पण 'अंबाडी' एवढीच. शास्त्रीय नाव लिहू नका, ते हिबिस्कस कॅनाबिनस आहे.